विकणाऱ्याचें मौन

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा पुतण्या माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आला. शिरोलीच्या एका कारखान्यांत तो इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस, लग्न अजून व्हावयाचें आहे. चार वर्षें काटकसर करून त्यानें सहा लाख रुपये शिल्लक टाकले होते आणि त्यांतून त्याला मोटार घ्यावयाची होती. परंतु त्याला हवी असलेली मोटार नुसती कामापुरती नव्हती. ती वेगवान् हवी होती. मोकळा रस्ता मिळतांच जिच्या इंजिनाचा स्वर चढतो आणि वळणावर जी रस्ता सोडीत नाहीं, अशी. नवी घेण्याचें सामर्थ्य नाहीं, म्हणून वापरलेली. "काका, तुम्ही मुलांना नीतिशास्त्र शिकवतां," तो हंसून म्हणाला, "तेव्हां आधीं एवढंच सांगा, कीं अशी इच्छा धरणं बरोबर आहे कीं नाहीं. गाडी कोणती, तें मग पाहूं."

प्रश्न थट्टेनें विचारला होता. पण थट्टेनें विचारलेले प्रश्न पुष्कळदां खरे असतात. त्याच्या आईचें, म्हणजे माझ्या वहिनींचें, उत्तर तयार होतें: अंथरूण पाहून पाय पसरावे. या म्हणींत शहाणपण आहे हें कोण नाकारील? मात्र ती निजणाऱ्या माणसाला सांगितलेली म्हण आहे. पाय केवळ पसरण्यासाठीं नसतात, ते धांवण्यासाठींहि असतात. आणि धांवूं इच्छिणाऱ्यानें काय पाहावें, याविषयीं ती म्हण कांहींच बोलत नाहीं.

वेगाची हौस कोल्हापुरास परकी नाहीं. छत्रपति राजाराम महाराजांची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार आजहि दसऱ्याच्या दिवशीं सीमोल्लंघनासाठीं दसरा चौकांत येते, आणि सोनें लुटावयास जमलेल्या गर्दींतील निम्मे डोळे तिच्यावरच खिळलेले असतात. मोहिते रेसिंगच्या धांवपट्टीवर लहान मुलें शर्यतीच्या गाड्या हांकावयास शिकतात. उद्यमनगरांतील कारखान्यांनीं तर इंजिनाच्या अंगप्रत्यंगाची ओळख असलेल्या कारागिरांच्या पिढ्या तयार केल्या. ज्या गांवाच्या फौंड्र्यांतून इंजिनाचे भाग ओतले जातात, त्या गांवच्या मुलाला इंजिनाचा मोह पडूं नये असें म्हणणें, म्हणजे तालमीच्या दारांत वाढलेल्या पोरानें कुस्तीकडे पाहूं नये असें म्हणण्यासारखें आहे.

म्हणून इच्छेपुरता मीं त्याला कौल दिला. चांगला घोडा, चांगला तंबोरा, चांगली मोटार, या वस्तूंत मनुष्याच्या बुद्धीनें आणि हातानें गांठलेली एक उत्तमता असते, आणि तिचा आनंद घेणें हें पाप नव्हे. दोन अटी मात्र घातल्या. वेगाचा आनंद दुसऱ्याच्या जिवावर उपभोगावयाचा नाहीं. धांवपट्टी शर्यतीसाठीं आहे, रस्ता सर्वांसाठीं आहे. आणि जी वस्तु आपण आणूं ती पोसण्याचें बळ आपल्यापाशीं असलें पाहिजे. मेबॅक इतक्या वर्षांनींहि दिमाखानें चालते, कारण तिच्यामागें एक राजवाडा उभा आहे. आमच्या पुतण्याच्या मागें महिन्याचा पगार उभा होता.

या दुसऱ्या अटीचा अर्थ नीट कळावा म्हणून थोडा हिशेब केला पाहिजे. १९८३ साली ज्या मारुति ८०० नें आमच्या पिढीला स्वतःची मोटार म्हणजे काय तें शिकविलें, तिची शक्ति चाळीस अश्वशक्तीच्या आंतच होती. पुढें २००० सालाच्या सुमारास होंडा सिटीच्या व्हीटेक इंजिनानें शंभरी ओलांडली. फियाटची पॅलिओ १.६ आणि फोर्डची फिएस्टा १.६ त्याच तोलाच्या. २००४ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस १५० अश्वशक्ति घेऊन आली. २०१३ साली फोक्सवॅगनची पोलो जीटी अवघ्या १.२ लिटरच्या इंजिनांतून १०५ काढूं लागली. २०१५ साली अबार्थ पुंटोनें १४५ चा आकडा गांठला. २०१७ साली मारुतीनेंहि एक लिटरच्या इंजिनावर बलेनो आरएस बाजारांत आणली. यांपैकीं पोलो चाकणला तयार होत असे आणि पुंटो रांजणगांवला. आज यांपैकीं बहुतेक जातींचें उत्पादन येथें थांबलें आहे. फोर्डनें २०२१ साली येथील कारखाने बंद करण्याचें जाहीर केलें आणि पोलो २०२२ साली बंद झाली. एके काळीं ज्यांच्याकडे केवळ पाहावयाचें, त्या गाड्या आतां बेताच्या पैशांत मिळूं शकतात, त्या यामुळेंच.

परंतु येथें एक सूक्ष्म फसगत आहे. जुन्या वस्तूची किंमत उतरते. तिचा खर्च उतरत नाहीं. दहा लाखांची गाडी चार लाखांस मिळाली, म्हणून तिचे टायर, तिचा क्लच, तिची गिअरपेटी हीं कांहीं चार लाखांच्या गाडीचीं होत नाहींत. लहान इंजिनास मोठी शक्ति देणारा जो टर्बो, त्याचें चक्र धुराच्या लोटावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें. त्याला वेळच्या वेळीं स्वच्छ तेल मिळालें नाहीं तर तो मरतो, आणि मालक बदलला आहे एवढ्यावर तो क्षमा करीत नाहीं. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. दहा वर्षांची गाडी घेणाऱ्यानें पांचच वर्षें हातीं धरावीं, पुढें तपासणी आणि नूतनीकरण आहे. सारांश, अशी गाडी मुळींच स्वस्त नसते. तिच्या किंमतीचा मोठा हप्ता पहिल्या मालकानें फेडलेला असतो, एवढेंच. उरलेले हप्ते दुरुस्तीच्या रूपानें आपण फेडावयाचे असतात, आणि ते कधीं येतील हें सांगितलेलें नसतें.

हें कोणाला ठाऊक असतें? विकणाऱ्याला. येथून खरा नीतीचा प्रश्न सुरू होतो.

जॉर्ज अकरलॉफ नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. आधीं तीन नियतकालिकांनीं तो परत पाठविला होता; त्यांपैकीं दोहोंना तो क्षुल्लक वाटला होता. पुढें २००१ साली त्याच विचाराबद्दल त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडी कशी आहे हें विकणाऱ्याला कळतें, घेणाऱ्याला कळत नाहीं. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाहि बेताचाच भाव देतो. त्या भावांत चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी विकावयास काढीत नाहीं. वाईट गाडीचा मालक आनंदानें काढतो. अशा रीतीनें बाजारांत वाईटच उरत जातें, आणि प्रामाणिक माणसालाहि अप्रामाणिकाच्या भावानें विकावें लागतें. असत्याचा दंड खोटें बोलणारा भरीत नाहीं; खरें बोलणारा भरतो, हें त्यांतलें मर्म आहे.

वेगवान् गाडीच्या बाबतींत हें दुप्पट खरें. साध्या गाडीवर फार तर दुर्लक्ष झालेलें असतें; वेगवान् गाडीवर अत्याचारहि झालेला असूं शकतो. कोणी इंजिनाच्या संगणकांतील सूचना बदलून आणखी शक्ति काढतो, वर्षभर गाडी पिळतो, आणि विकण्याच्या आदल्या दिवशीं मूळच्या सूचना पुन्हां बसवून देतो. वरून दोन्ही गाड्या सारख्याच चकाकतात.

मग विकणाऱ्यानें न विचारतां सांगावें काय? हा वाद फार जुना आहे. सिसेरोनें इ. स. पूर्वीं ४४ साली आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचें भांडण त्यानें नोंदविलें आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन पोहोंचतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे. त्यानें तें सांगावें कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजेनीस म्हणतो, लपविणें निराळें आणि न सांगणें निराळें. अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जें कळणें अवश्य आहे तें सारें सांगितलेंच पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे.

आमच्या कौटिल्यानें याहून व्यवहारी मार्ग काढला. आजारी जनावर निरोगी म्हणून विकणारास त्यानें बारा पण दंड सांगितला, आणि चतुष्पाद विकत घेतल्यास तीन पंधरवड्यांच्या आंत तें परत करण्याची मुभा ठेविली. कारण तेवढ्या काळांत त्याचें खरें रूप समजून येतें. मोटारहि चार पायांवरच चालते. पण तिच्या बाबतींत दोन खासगी माणसांच्या व्यवहारांत अशी मुदत कोणी देत नाहीं.

आणि आजचा कायदा? १८७२ सालच्या करारांच्या कायद्याचें सतरावें कलम मला फार बोधप्रद वाटतें. त्यांतील पहिलीं तीन उदाहरणें घोड्याचीं आहेत. एकानें दुसऱ्याला लिलावांत घोडा विकला; घोड्यांत खोड आहे हें विकणाराला ठाऊक होतें, पण तो कांहीं बोलला नाहीं. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढलें उदाहरण: घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी आहे. आतां मात्र नात्यामुळेंच सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि तिसरें: घेणारा म्हणतो, "तुम्ही नाहीं म्हणाला नाहींत, तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन." विकणारा गप्प राहतो. येथें मौन हेंच बोलणें होतें.

मी हीं उदाहरणें वर्गांत पुष्कळ वर्षें सांगत आलों आहें. मुलगी आणि परका यांच्यांत रेघ ओढणें कायद्याला प्राप्तच आहे. नीतीचा सारा प्रवास मात्र ती रेघ पुढें पुढें सरकविण्याचा आहे, असा समारोप करतों. मुलें तें वहींत उतरून घेतात. परंतु पुतण्याशीं बोलतां बोलतां मला एक गोष्ट आठवली, जी मीं वर्गांत कधीं सांगितली नव्हती.

२०११ साली मीं माझी जुनी मोटार विकली. तिचें इंजिन तेल पिऊं लागलें होतें. दर पंधरवड्यास तेल घालावें लागे, आणि सकाळीं थंड इंजिन सुरू करतांच मागून निळसर धूर निघे. गाडी पाहावयास गारगोटीकडील एक तरुण शिक्षक आला. बरोबर पत्नी आणि कडेवर लहान मूल. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि म्हणाला, "सर, तुम्ही वापरलेली गाडी. आम्ही आणखी काय बघायचं?" मीं कांहीं बोललों नाहीं. त्यानें मागितलेली किंमत मोजली.

दोन वर्षांनीं एस. टी. स्थानकावर तो भेटला. "इंजिन उघडावं लागलं, सर," तो म्हणाला, "पण जुनी गाडी म्हटल्यावर चालायचंच." आणि मी नको नको म्हणत असतां त्यानें मला चहा पाजला. त्या चहाची चव माझ्या जिभेवरून अजून गेलेली नाहीं.

इतकीं वर्षें मी मनाशीं म्हणत आलों, कीं मीं खोटें बोललों नाहीं, केवळ न विचारलेलें सांगितलें नाहीं. तो डायोजेनीसचाच युक्तिवाद होता. पण त्या दिवशीं पुतण्यासमोर बसून आठवूं लागलों, तेव्हां आणखी एक गोष्ट वर आली. तो शिक्षक यावयाच्या आधीं मीं इंजिनांत तेल भरलें होतें, आणि गाडी अर्धा तास रंकाळ्याकडून फिरवून आणली होती. इंजिन गरम असावें, धूर दिसूं नये म्हणून. म्हणजे तें मौन नव्हतें, ती कृति होती. ज्या कलमाचीं उदाहरणें मी सांगत होतों, त्याच कलमांत दोष जाणूनबुजून झांकणें हें स्पष्टपणें फसवणुकींत घातलेलें आहे. नीतीचें सोडाच, कायद्यानेंहि मी सुटत नव्हतों.

माझ्या दोषाचें वर्णन करण्यांत वाचकांना रस नसेल. पण त्यांत मला एक दिसलें, तें सांगण्याजोगें आहे. अकरलॉफनें दोन माणसांमध्यें जी विषमता दाखविली, ती एकाच माणसाच्या मनांतहि असते. एक भाग जाणतो आणि गप्प बसतो. दुसरा भाग गप्पपणालाच निर्दोषपणा समजून व्यवहार पुरा करतो. मीं त्या शिक्षकाला फसविलें तें एका सकाळीं. स्वतःला फसविलें तें त्यानंतर कितीतरी वर्षें.

आणि घेणाराहि यांतून सुटत नाहीं. पुतण्यानें प्रथम पाहिलेली गाडी लाल रंगाची, टर्बोची, दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीची होती. मागणी पांच लाख ऐंशी हजारांची. कागद अपुरे, सर्व्हिसच्या नोंदी तीन वर्षांनंतर थांबलेल्या. तो मला सांगूं लागला, कीं नोंदी नसल्या तरी मालक हौशी आहे. विम्याचें पुढें पाहतां येईल. गिअरपेटी सगळ्यांचीच कांहीं बिघडत नाहीं. त्याचें बोलणें ऐकतांना मला वाटलें, कीं येथें विकणारा गाडीशेजारी उभा नाहीं. तो या मुलाच्या आंत बसला आहे. इच्छा विकत आहे आणि विवेक घेत आहे. आणि इच्छेला सारें ठाऊक असून ती गप्प आहे. सहा लाखांतून पांच लाख ऐंशी हजार गेल्यावर पहिल्या मोठ्या दुरुस्तीला पैसे कोठून येणार, हा प्रश्न तिनें इंजिन गरम करून झांकून ठेविला होता.

आम्ही उद्यमनगरांत एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं बॉनेटहि न उघडतां विचारलें, "ह्याचा मालक कुठं हाय?" मालक आला नव्हता, एजंट आला होता. "सर," मिस्त्री मला म्हणाले, "गाडी काय बघतायसा? मालक बघा. गाडी बोलत न्हाई. मालक बोलतोय, न बोलला तर त्योबी बोललाच म्हणायचा." कलम सतराचें तिसरें उदाहरण इतक्या थोडक्यांत मीं वर्गांत कधीं सांगूं शकलों नव्हतों.

तेव्हां आम्हीं तीन नियम ठरविले. पहिला, सहा लाखांपैकीं दोन लाख गाडीच्या किंमतींत जावयाचे नाहींत. ते तिच्या पोसण्याचे. या एका नियमानें निम्म्या गाड्या आपोआप गळाल्या, आणि गळाल्या त्या नेमक्या मनांत भरलेल्या होत्या. दुसरा, गाडी सकाळीं, थंड असतांना पाहावयाची. हा नियम सुचविण्याचा अधिकार माझा होता. कां, तें त्या वेळीं मीं त्याला सांगितलें नाहीं. तिसरा, मालकाला समोर बसवून घोड्याचा तो प्रश्न जसाच्या तसा विचारावयाचा.

चौथी गाडी इचलकरंजीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची निघाली. सोळाशे सी.सी. चें साधें पेट्रोल इंजिन, टर्बो नाहीं, हातानें टाकावयाचे गिअर. दिसावयास ती कोणाची मान वळविणारी नव्हती. पुतण्यानें प्रश्न विचारला: "तुम्ही कांहीं सांगितलं नाहींत, तर गाडींत दोष नाहीं असं मी धरून चालेन." गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीं पुढचं डावं चाक दुभाजकावर आपटलं होतं. काम करून घेतलंय, बिल दाखवतो. आणि थंडींत सकाळीं दुसरा गिअर जरा अडतो." आंत जाऊन त्यांनीं एक जाडजूड फाईल आणली. पहिल्या दिवसापासूनचा कागद तींत होता.

गाडी तींन लाख नव्वद हजारांस ठरली. पुतण्यानें घासाघीस केली नाहीं. मीं कारण विचारलें, तर म्हणाला, "काका, त्यांनीं खरं सांगितलं त्याचा दंड त्यांनाच कशाला?" अकरलॉफच्या सिद्धांताला इतकें नेमकें उत्तर मीं वाचलेलें नाहीं. वाईट बाजार एका माणसाच्या खरेपणानें सुधारत नाहीं हें खरें. पण खरें सांगणाराला पुरा भाव देणारा एक ग्राहक निघाला, तर तेवढ्या एका व्यवहारापुरता तो बाजार चांगला असतो. चांगला बाजार अशाच व्यवहारांचा बनलेला असतो.

गाडी आतां कोल्हापुरांत आहे. रविवारीं पहांटे तो ती घेऊन घाटाच्या रस्त्यास जातो आणि हंसत परत येतो. गाडीच्या कप्प्यांत त्यानें एक वही ठेविली आहे. प्रत्येक बिघाड, प्रत्येक खर्च तो तींत तारखेसह लिहितो. ही वही पुढल्या मालकाला द्यावयाची असें त्यानें ठरविलें आहे. त्याच्या मूळ प्रश्नाचें उत्तर मला देतां येतें तें एवढेंच: इच्छा धरावी, परंतु जिची वही दुसऱ्याच्या हातीं देतांना आपल्याला लाज वाटणार नाहीं, अशी धरावी.

हा लेख लिहून झाल्यावर मीं त्याला वाचून दाखविला. थंड इंजिनाच्या नियमाचें कारण त्याला तेव्हां कळलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या शिक्षकांना हें सांगितलंत का?" नाहीं, मी म्हणालों. त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. परंतु लेख छापून येण्यापूर्वीं गारगोटीस जाऊन यावयाचें मीं ठरविलें आहे, आणि इंजिनाचा खर्च किती आला होता हें विचारून तो द्यावयाचा आहे. जें एका माणसाला सांगावयास हवें तें हजार वाचकांना सांगून मोकळें होणें, हीहि लपविण्याचीच एक रीत आहे.